बिनरंगाचं गोंदण

१८ नोव्हेंबर १९९८

डॉक्टरीणबाई, लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. तुम्ही सांगितलं होतं, सुई टोचल्या दिवसापासून नातीचा चेहरा कसा दिसतो ते रोज लिहून ठेवा. मी चौथीपर्यंत शिकलेलो. लिहायचं म्हटलं की आधी हेच मनात येतं, काही चुकीचं लिहिलं आणि तुम्ही त्यावरून चुकीचं औषध दिलंत तर? पण लिहिणार दुसरं कोण? माझा मुलगा दौलत बोटीवर आहे. सून रतन अंधारातच मावरं, म्हणजे मासळी, आणायला जाते ती बाजार उठल्यावर येते. आणि मंजुळा, जिचा चेहरा, ती आरशात बघतच नाही. म्हणजे उरलो मी, गोमाजी कोळी, चेंदणी कोळीवाड्यात राहणार, वय सत्तरच्या पुढे.

पहिल्यापासून लिहितो. मंजुळा सोळा वर्षांची असताना तिला कांजण्या आल्या. अंगावरच्या गेल्या, गालावर खड्डे राहिले. दोन्ही गालांवर, पावसाच्या थेंबांनी ओली वाळू खचते तसे. तेव्हापासून ओढणी डोळ्यांखाली बांधते. कल्याणला साड्यांच्या दुकानात कामाला आहे, पण शेटनं तिला मागच्या खोलीत घड्या घालायला बसवलं. पुढे गादीवर बसून साडी खांद्यावर टाकून दाखवायची तर चेहरा दिसतो. गादीवर बसायचं एवढंच तिच्या मनात आहे. तोंडानं बोलत नाही, पण घरात रतनच्या जुन्या साड्या खांद्यावर टाकून बघते ते मी पाहिलंय.

मागच्या आठवड्यात तुमच्या दवाखान्यात सुई झाली. आधी बधिर करायचं मलम, मग ते यंत्र. बाटलीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. माझ्या बायकोनं लहानपणी कपाळावर गोंदून घेतलेलं, आमच्या आळीत गोंदणारीण बसायची ते मी पाहिलेलं आहे. हे तेच. पण गोंदणारीण सुई टोचून झाली की काजळीचा रंग चोळायची. तुम्ही चोळला नाहीत. मी विचारलं, बाई, रंग विसरलात का? तुम्ही हसलात, मंजुळापण हसली. ती हसली म्हणून मी गप्प बसलो. तेव्हापासून मनात तेच घोळतंय, अर्धं काम करून सोडलं की काय.

१९ नोव्हेंबर

कालचं वाचून पाहिलं. हे बाईंना दाखवण्यासारखं नाही. त्यांना तोंडी सांगेन. वही माझी माझ्याजवळ.

सूज उतरली आहे. लाली आहे. बारीक खपल्या धरल्यात, रव्यासारख्या. मी जवळ जाऊन बघत होतो तर मंजुळा म्हणाली, "आजा, मी पापलेट नाय, ताजी हाय का बघायला."

रतन खाली टोपली धुवत होती, ती म्हणाली, "डोळे बघ डोळे. ताज्या मासळीचे डोळे बघतात."

दोघी हसल्या. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच. कांजण्या म्हणजे देवीचं येणं. तिनं उठवलेल्या खुणा आपण सुईनं पुसायला निघालो. एकवीरेला काय वाटेल? रतनला बोललो तर म्हणते, "तिला वाटायचं ते वाटू दे, ती नाय जात दुकानात कामाला."

२५ नोव्हेंबर

खपल्या पडल्या. खाली खड्डे जसेच्या तसे. मला तर खोल झाल्यासारखे वाटतात. झोप नाही.

हौसाबाई, शेजारीण, दारावरून जाताना थांबली. तिच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण. म्हणाली, "काय रं गोमाजी, नातीला टोचून घेतलंस आणि नक्षी काय काढली नायस? फुकट टोचलं."

म्हणजे मला एकट्यालाच तसं वाटत नाही.

११ डिसेंबर

आज कुणाला न सांगता दवाखान्यात गेलो. तलावपाळीपर्यंत चालत. गुडघे बोलायला लागले. बाईंच्या दारात दोन बायका बसलेल्या, मी त्यांच्यानंतर आत गेलो आणि उभ्यानंच विचारलं, महिना होत आला, फरक का नाही?

बाई चिडल्या नाहीत. तरुण आहेत, मंजुळाहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, "आजोबा, बसा. ही गोष्ट परदेशात पण नवीन आहे. गोंदणाच्या यंत्रात रंग न घालता व्रणावर फिरवायचं, एवढंच. मी वाचलं, शिकले, आधी माझ्या स्वतःच्या हातावरच्या व्रणावर करून बघितलं." हात दाखवला. भाजल्याची खूण असावी, आता नीट बघावं लागतं.

मग समजावलं. सुई आत थोडीशीच जाते. वरची कातडी सोलून निघत नाही, नुसती भोकं पडतात, म्हणून लवकर मिटते. पण शरीराला वाटतं, जखम झाली. मग ते रक्ताबरोबर दुरुस्तीचं सामान पाठवतं आणि आत नवे धागे विणायला घेतं. खड्डा खाली धरून ठेवणारे जुने, आखडलेले धागे सुईनं तुटतात, नवे धागे खड्ड्याला खालून उचलतात. हे विणकाम महिनोन्‌महिने चालतं. रंग घातला तर तो आतच राहील, म्हणून रंग नाही.

मी म्हटलं, बाई, हे जाळ्यासारखं झालं. फाटलेलं जाळं सांधायचं तर फाटक्या कडेवर गाठ मारून चालत नाही. आधी कड आणखी कापायची, जिथं दोरा धड आहे तिथपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं म्हातारा जाळं आणखी फाडतोय. मग तिथून नवं विणत यायचं.

बाई म्हणाल्या, "अगदी तेच. मी पेशंटना हेच सांगत जाईन आता."

येताना पाय दुखले नाहीत. पण घरी आल्यावर वाटलं, जाळं मी विणतो तेव्हा मला दिसतं. गालाच्या आत कोण विणतंय ते कुणाला दिसतं?

१० जानेवारी १९९९

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

सकाळी मंजुळा दारात बसून केस विंचरत होती. ऊन बाजूनं येत होतं. बाजूच्या उन्हात खड्ड्यांच्या सावल्या पडायच्या, त्या कमी दिसल्या. मी चष्मा पुसला. परत बघितलं. रतनला हाक मारली. रतन कोयता टाकून आली, पोरीची हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे फिरवला आणि आत गेली. आत जाऊन नाक शिंकरलं.

मंजुळानं आरसा मागितला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

लगेच मला भीती वाटायला लागली. चांगलं झालं की माझ्या छातीत धडधड होते, वाईट झालं की कमी होते. हा माझा स्वभाव आहे.

१८ जानेवारी

हौसाबाईनं पाहिलं. दारात उभी राहून मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "अगो बाय, काय गाल आलेत! मक्खन! अशीच राहा गो."

तिचं मन वाईट नाही. पण जीभ तशी आहे. मागे आळीतल्या दामाजीच्या नवीन होडीला असंच म्हणाली आणि महिन्यात होडीचं इंजिन बसलं. परवा मंजुळाला दुसऱ्यांदा सुई लावायची आहे. नेमकी आत्ताच बोलायची होती?

२० जानेवारी

दुसरी सुई झाली. या वेळी थोडं जास्त रक्त आलं. बाईंनी स्वच्छ पाण्यानं पुसलं. पुन्हा बजावलं, आज आणि उद्या चेहऱ्याला काहीही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. ऊन नाही. म्हणाल्या, "भोकांची दारं उघडी असतात, आजोबा. जे लागेल ते आत जाऊन बसेल." मी मान हलवली. रतनला घरी येऊन दोनदा सांगितलं, कारण तिला हळदीचा भारी सोस. हळदीचा डबाच वरच्या फळीवर ठेवून दिला.

रिक्षातून उतरताना हौसाबाई नळावर. बघून म्हणाली, "लालेलाल! नवरी दिसतेस गो." झालं. माझा जीव खालीवर.

मंजुळा येऊन झोपली. तोंड सुजलेलं, लहानपणी तापात दिसायची तशी. मी बराच वेळ शेजारी बसलो. देव्हाऱ्यातल्या डबीतलं काजळ घेतलं आणि गालावर तीट लावली, नेहमीसारखी. दौलतला लावली, मंजुळाला पाळण्यात असल्यापासून लावत आलो. माझ्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक तरुणपणी दोरात सापडून तुटलं, त्यामुळे माझी तीट गोल येत नाही, एका बाजूनं कापलेली येते. रतन चेष्टा करते, "बाबांचा चंद्र अर्धाच." लावल्यावर मला जरा बरं वाटलं. मग झोप लागली.

२१ जानेवारी

मंजुळा माझ्याआधी उठलेली. तोंड धुऊन बसलेली. मी विचारलं, रात्री आग झाली का? म्हणाली, "नाय." मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजा, तू रात्री झोपलास तरी का?" म्हटलं, झोपलो. माझी काळजी करते.

बाईंना नाक्यावरून फोन केला. त्यांनी विचारलं, काही लावलं तर नाही ना? मी छाती पुढे काढून सांगितलं, बाई, आमच्याकडून एक कण लागलेला नाही.

२८ जानेवारी

खपल्या पडल्या. गाल पहिल्यापेक्षा छान. पण डाव्या गालावर, हाडाच्या खाली, एक काळा डाग. काळा म्हणजे निळसर काळा. मी ओल्या फडक्यानं पुसला, जात नाही. खोबरेल लावून पुसला, जात नाही. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि धड गोलही नाही, एक कड सरळ.

रतन बघून म्हणाली, "हे तर गोंदणासारखं दिसतं."

म्हणजे तेच झालं ज्याची मला भीती होती. यंत्रात रंग होता. कुणाच्या तरी हातावर नाव काढलं असेल, धुतलं नसेल, आणि तीच सुई माझ्या नातीच्या गालावर.

३० जानेवारी

दवाखान्यात गेलो, तिघं. बाईंनी भिंग लावून डाग बघितला. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाल्या, "असं व्हायला नको होतं. यंत्र नवीन आहे, यात रंग कधी घातलेलाच नाही. सुई प्रत्येक वेळी नवी." कपाट उघडून सगळं दाखवलं. मग पुन्हा विचारलं, "नक्की काही लावलं नव्हतं? त्या दिवशी? काजळ, पेन्सिल, काहीही?"

मंजुळा डोळ्यांत काजळ घालत नाही, कधीच नाही. मी ताडकन सांगितलं, बाई, पोरीच्या डोळ्यांत काजळाचं बोट नाही लागत, खोटा आळ घेऊ नका.

मंजुळानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. म्हणाली, "आजा, चल घरी."

३ फेब्रुवारी

राहवलं नाही. एकटा गेलो. बाहेरच्या खोलीत पाच-सहा माणसं. मी मोठ्यानं बोललो. बोललो म्हणजे ओरडलो. म्हटलं, शिकायला गरिबाचीच पोर सापडली का? एक बाई पोरीला घेऊन उठून गेली. डॉक्टरीणबाई दारात आल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आजोबा, कारण सापडेपर्यंत मी हे सुईचं काम बंद ठेवते. कुणालाच करणार नाही."

मी जिंकलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. बंद म्हणजे मंजुळाचंही बंद. उजव्या गालावरचे खड्डे अजून अर्धे आहेत.

४ फेब्रुवारी

मंजुळाला कळलं. घरात आवाज चढवला, या पोरीनं आजपर्यंत कधी चढवला नव्हता.

"तुला कुणी सांगितलेलं जायला? सगळ्यांसमोर? त्यांच्या दवाखान्यात?"

"तुझ्यासाठीच गेलो ना, बाय."

"माझ्यासाठी गप्प बस, आजा. एवढं कर."

मग रडली. मग आली, माझा हात हातात घेतला, बोटं बघत बसली एक एक करून. म्हणाली, "मी उद्या एकटी जाते बाईंकडे. तू येऊ नको."

म्हटलं, त्यांनी तुला काही कागदावर सही करायला लावलं तर? म्हणाली, "नाय लावणार." मला झोप नाही.

६ फेब्रुवारी

मंजुळा जाऊन आली. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणते, "बोललो. मिटलं." बाई सुईचं काम पुन्हा सुरू करणार आहेत. कारण सापडलं म्हणे. काय कारण? "होतं काहीतरी, आजा. त्यांची चूक नव्हती." रतन चुलीपाशी, ती पण काही विचारत नाही. म्हणजे या दोघींना माहीत आहे आणि मला सांगत नाहीत. घरातलं माणूस म्हातारं झालं की असंच होतं.

१२ मार्च

तिसरी सुई झाली. मी जाणार नव्हतो, मंजुळानं नेलं. बाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, बिस्किटं. एवढं ओरडून आलेल्या माणसाला चहा? मनात चूक असल्याशिवाय कोण चहा पाजतं? पण जाळ्याची गोष्ट दुसऱ्या एका पेशंटला सांगताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मला या आजोबांनी शिकवलं." मी बिस्किट चहात बुडवलं.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या वेळी पोरीला दृष्टबिष्ट लागेल अशी काळजी करू नका हं, आजोबा. माझ्याकडे नारळ ठेवलाय, मी इथंच उतरवते." शिकलेली बाई आणि दृष्ट मानते! घरी येऊन मी काहीच केलं नाही. उतरवली म्हणाल्या, म्हणजे उतरवली असेल.

४ एप्रिल

शिमग्याला मंजुळा आळीतल्या पोरींबरोबर नाचली. ओढणी कंबरेला. लिहायचं राहिलं होतं.

उजवा गाल भरत आला. पूर्ण सपाट नाही झाला, बाईंनी आधीच सांगितलेलं, पुसून कोरं होणार नाही, खोली कमी होईल. लांबून कळत नाही. फक्त तो काळा डाग तसाच. बाई म्हणाल्या, मुंबईला मशीन आहे, काढता येईल. मंजुळा म्हणाली, नको.

मी वैतागलो. एवढं सगळं केलंस, आणि हा एक डाग ठेवायचा?

"असू दे ना, आजा. मला बरा वाटतो."

"काय बरं आहे त्यात? वाकडा आहे."

"म्हणूनच."

आजकालच्या पोरींचं काही कळत नाही.

२५ एप्रिल

शेट नाशिकला दुसरं दुकान काढतो आहे. मंजुळाला गादीवर बसायला बोलावलं आहे. स्वतःहून. रतनची बहीण कलावती तिथंच असते, तिच्याकडे राहायचं. दौलतचा फोन आला, त्यानं हो म्हटलं. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. मग रात्रभर नाही म्हटलं असतं.

तिथलं पाणी कसं असेल? ऊन कडक असतं. बाईंनी उन्हात जपायला सांगितलंय.

२ मे

आज गेली.

सकाळी बॅग भरून झाली. हिरवी साडी नेसलेली, रतनची. माझ्या पाया पडली. मग उठली नाही, तशीच समोर बसली आणि म्हणाली, "आजा, तीट लाव."

मी म्हटलं, मोठी झालीस आता. आणि आधीच एक डाग आहे तोंडावर, आणखी काय काळं करायचं?

"उजव्या गालाला कुठाय? त्या गालाला दृष्ट लागली म्हणजे?"

रतन दारात उभी होती. हसेल असं वाटलं, हसली नाही.

मी डबी आणली. बोट टेकवलं, उजव्या गालावर, हाडाच्या खाली, जिथं नेहमी लावतो तिथं. मग नीट लागली का बघायला मागे सरकलो. चष्मा पुसला.

उजवीकडची ओली होती. डावीकडची निळसर. बाकी दोन्ही सारख्याच. त्याच जागी. त्याच कडेनं कापलेल्या.

मी माझ्या बोटाकडे बघितलं. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

मंजुळानं रुमालाचं टोक ओलं केलं आणि उजव्या गालावरची तीट पुसून टाकली. म्हणाली, "ही पुसली जाते, आजा. ती ठेवते."

मग बॅग उचलली. "जाते" म्हणाली नाही, "येते" म्हणाली.

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायला पाहिजे. त्या बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर, जितक्या मोठ्यानं ओरडलो तितक्याच मोठ्यानं सांगायला पाहिजे. चहा घेणार नाही. दिला तर घेईन.

आता दुपार उलटली. गाडी पोहोचली असेल. कलावतीच्या शेजारी फोन आहे, इथं वाण्याकडे आहे, वाण्याला मी दोनदा सांगून आलो, मंजुळाचा फोन आला तर आधी मला हाक मार. अजून हाक नाही. मंजुळा, बाय, पोहोचलीस की लगेच कळव. गादीवर बसायला मिळालं का तेही कळव. आणि डाव्या गालाला आग होत असेल, खाज येत असेल, काहीही होत असेल, तर माझ्यापासून लपवू नकोस, आधी मला कळव.